घाटावरचे चौकोनमास्तर

पुंडलिकरावांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. हातात दोरीचे एक टोक दिले आणि म्हणाले, "धरा. हालू नका."

मी त्याच सकाळी मलकापूरला रेल्वेतून उतरून मोटारीने राजूर घाट चढून बुलढाण्याला आलो होतो. अंगावर घाटाची धूळ, एका हातात ट्रंक, खिशात शाळेचे नेमणूकपत्र. शाळेच्या मागे मास्तरांसाठी तीन खोल्यांची चाळ होती. तिच्या अंगणात एक उंच, हाडकुळा माणूस धोतर खोचून उभा होता आणि त्याच्यासमोर एक बाज आडवी टाकलेली होती. बाजेला सुंभ नव्हता. सुंभाच्या जागी पांढरा मांजरपाट ढोलाच्या कातड्यासारखा ताणून बसवला होता. मी ट्रंक खाली ठेवली आणि निमूटपणे दोरी धरली. दोरी गेरूत भिजवलेली होती. दुसरे टोक त्यांनी स्वतः बाजेच्या पलीकडच्या लाकडावर दाबून धरले, दुसऱ्या हाताच्या चिमटीने दोरी मधोमध उचलली, बराच वेळ तशीच धरून ठेवली आणि मग सोडली. फट्ट! मांजरपाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी रेघ उमटली.

त्यांनी आधी रेघेकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तुमचा हात थरथरत नाई. काय शिकवता तुमी?"

"भूमिती," मी म्हणालो.

"मंग बरं झालं. मी ड्रॉइंग मास्तर. म्हंजे आपला दोघायचा धंदा एकच."

हे त्यांचे म्हणणे मला पुढे कित्येक वर्षे पटले नाही. मी पुण्याचा. रेषेला लांबी असते, जाडी नसते, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यालेला. पुंडलिकरावांच्या रेषेला जाडी तर होतीच, पण गेरूचा वासही होता. त्यातून ते फूटपट्टी वापरत नसत. सुतार लाकडावर खूण करतात तशी दोरीनेच रेघ मारायची, आणि ती कुठे मारायची हे डोळ्याने ठरवायचे. ठरवायला त्यांना कधी चार दिवस लागत, कधी महिना. शाळेतून आले की चहाचा पेला घेऊन त्या कोऱ्या कापडासमोर बसायचे आणि नुसते पाहायचे. एकदा मारलेली रेघ पुसता येत नसे, म्हणून हा सारा उशीर. "रेघ मारायच्या आंदी लाजून घ्यावं," ते म्हणायचे. "मारल्यावर लाजून काय फायदा?"

दोरीला दोन टोके असतात आणि पुंडलिकराव एकटे राहत, म्हणून दुसरे टोक माझ्याकडे आले ते आलेच. त्यांचे लग्न झाले नव्हते. घरात एकच बाज, तिच्यावर चित्र ताणलेले आणि नवरदेव स्वतः जमिनीवर चटई टाकून झोपणार, असे स्थळ कोणत्या मुलीच्या बापाला पसंत पडणार? एकदोन जण पाहायला येऊन गेल्याचे ऐकले होते. त्यातल्या एकाने म्हणे बाजेवरच्या तीन चौकोनांकडे बोट दाखवून विचारले, "हे कवा पुरं होईन?" पुंडलिकराव म्हणाले, "पुरं झालं हाय." बोलणी तिथेच संपली.

ते दिवस वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाचे. सरकार नागपुरात बसे, कापूस मलकापूर-खामगावहून मुंबईला जाई, आणि बुलढाणे हे थंड हवेचे, कचेऱ्यांचे, तसे निवांत गाव होते. अशा गावात एक माणूस दहा दहा वर्षे चौकोन, तिकोन आणि पट्टे रंगवतो आणि त्याला चित्र म्हणतो, ही गोष्ट लोकांनी फार मनाला लावून घेतली नाही. मुले त्यांना पाठीमागे चौकोनमास्तर म्हणत. मोठी माणसे तोंडावर म्हणत. रंग ते स्वतःच करीत. गेरू, पिवळी माती, चुना, काजळ, बाभळीचा डिंक. निळा तेवढा बाजारातल्या हसनभाई रंगाऱ्यांकडून आणायचे. हसनभाई लुगडी रंगवून रंगवून कोपरापर्यंत निळे झालेले सज्जन गृहस्थ. ते दर खेपेला कळवळून सांगायचे, "मास्तर, इतना अच्छा कपडा है, इसपे एक बूटी तो डालो!" पुंडलिकराव म्हणत, "डालेंगे, हसनभाई, डालेंगे," आणि नीळ घेऊन यायचे. बूटी शेवटपर्यंत पडली नाही.

एकदा मी न राहवून ते शाळेत असताना माझी पट्टी घेऊन त्यांचा एक चौकोन मोजला. डावी बाजू उजवीपेक्षा अंगठाभर जास्त भरली. मी सायंकाळपर्यंत वाट पाहिली आणि चोर पकडल्याच्या आनंदात त्यांना ते सांगितले. ते जराही चपापले नाहीत.

"हाव," ते म्हणाले. "त्याच्या डाव्या अंगाले तो काळा पट्टा हाय ना, तो त्याले दाबते. म्हनून तिकडून त्याले जागा जास्त देल्ली."

"अहो, पण मग तो चौरस राहिला नाही!"

"कागदावर नाई राह्यला. डोळ्याले हाय."

मी संतापून जेवायला गेलो. मला राग आला की भूक लागते, हे एव्हाना चाळीत सगळ्यांना ठाऊक होते.

शाळातपासणीला अमरावतीकडून एक साहेब आले होते. वर्गाच्या भिंतीवर पुंडलिकरावांचे एक कापड टांगलेले पाहून ते थबकले आणि म्हणाले, "हे काय, गोधडी का?" हेडमास्तरांच्या कपाळाला घाम आला. पुंडलिकराव अदबीने म्हणाले, "नाई साहेब. गोधडी ऊब देते. हे देत नाई." साहेबांनी शेऱ्यात लिहिले की ड्रॉइंग शिक्षक प्रामाणिक व मेहनती आहेत, परंतु चित्रे काढीत नाहीत. तो शेरा पुंडलिकरावांनी मला दोनदा वाचायला लावला. त्यातला 'प्रामाणिक' हा शब्द त्यांना फार आवडला होता.

पण माणूस आडमुठा नव्हता. वर्गात मुलांना आंबा, लोटा, मोर सगळे नेमाने शिकवायचे, आणि असा आंबा काढून दाखवायचे की मागच्या बाकावर कोणीतरी आवंढा गिळावा. तेच हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा सर्वांनी ठरवले की त्यांची तसबीर पुंडलिकरावांनी करावी. पुंडलिकराव महिनाभर विचारात होते. निरोपसमारंभात पडदा बाजूला झाला तर आत एक उभा तपकिरी आयत, त्याच्यावर एक आडवा, थोडासा कललेला पांढरा पट्टा, आणि खाली डाव्या कोपऱ्यात बारीक काळी काडी. एका क्षणात सगळी शाळा हसायला लागली, कारण ते हेडमास्तर होते. तोच ताठपणा, तोच उजवीकडे झुकलेला फेटा, तीच छडी. हेडमास्तरांना सोडून सगळ्यांनी ओळखले. नंतर मी म्हटले, "मास्तर, एवढे जमते तर नाकडोळे काढायला काय हरकत होती?" तर म्हणाले, "चेहरा काढला का लोक पयले इचारतेत, कोनाचा हाय? नाव कळलं का पाहनं बंद. मले असं काढायचं हाय का जे कोनाचंच नाई."

त्यांचे एवढे सगळे तत्त्व एका माणसापुढे मात्र ढिले पडे. तो माणूस म्हणजे त्यांचे थोरले भाऊ सखारामदादा.

दादांचे गाव घाटाच्या पायथ्याशी. वडील लवकर गेले. आपल्याहून बारा वर्षांनी धाकट्या असलेल्या या भावाला दादांनी आपल्या मुलासारखे वाढवले, आणि हा पोरगा भिंती रंगवतो म्हणून गावाने नाक मुरडले तेव्हा त्याला मुंबईला चित्रशाळेत धाडले. दर बाजाराच्या दिवशी दादा बंडी जुंपून घाट चढून यायचे. जाडे धोतर, डोईला तांबडे पागोटे, काळा कुळकुळीत रंग आणि हातांचे तळवे असे राठ की ते हात जोडायचे तेव्हा आवाज व्हायचा. ज्वारी, वांगी, अंबाडीची भाजी ओट्यावर उतरवायची, पाणी प्यायचे आणि बाजेसमोर उभे राहून विचारायचे, "काय काढलं?"

पुंडलिकराव बाजूला उभे राहायचे. मोठा शिष्ट माणूस, पण त्या वेळी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा दिसायचा. दादा थोडा वेळ पाहायचे. मग म्हणायचे, "बरं हाय," आणि नजर वळवून बैलांकडे बघायचे. दर आठवड्याला हेच. इतक्या प्रेमाने म्हटलेले 'बरं हाय' इतके झोंबू शकते हे मी तिथे पाहिले.

"मास्तर," एकदा ते मला म्हणाले, "साऱ्या दुनियेले नाई समजलं तं चालते. साहेबाले नाई, हेडमास्तरले नाई, तुमाले बी नाई." मी इथे घसा खाकरला, पण त्यांनी लक्ष दिले नाही. "दादाले समजलं पाह्यजे. त्यानं औत धरलं म्हनून माह्या हातात ब्रश आला. त्याले माहं काम दिसलं नाई तं मी कोनासाठी करून राह्यलो?"

पुढे त्यांनी आणखी एक बाज आणून दोन्ही एकत्र जोडल्या आणि एक मोठे कापड ताणले. त्याला तीन वर्षे लागली. रविवारी आम्ही चालत घाटाच्या कड्यावर जायचो. तिथून खालचा सगळा मुलूख दिसतो. पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, हिरवे तुकडे, पिकलेल्या ज्वारीचे पिवळे, नांगरून टाकलेले काळे, जवसाला फूल आले की मधेच निळा, आणि लांब सातपुड्याची एक पुसट रेघ. पुंडलिकराव तासभर बसून राहायचे, वही न काढता. घरी आल्यावर त्यातले काय कापडावर उतरायचे आणि काय नाही, ते मला कधी कळले नाही. एक काळा मोठा चौकोन होता, त्याला खेटून पिवळा, दोघांच्या मधून जाणारी एक तिरपी तांबडी पट्टी आणि वर निळ्याची चिंचोळी फाक. तांबड्या पट्टीची रेघ मारायला त्यांनी मला सतरा वेळा दोरी धरायला लावली आणि सतरा वेळा न सोडता खाली ठेवली. अठराव्यांदा सोडली.

कापड पुरे झाले तो बाजाराचा दिवस होता. रंग वाळावा म्हणून आम्ही दोघांनी ते बाहेर, रस्त्याकडच्या भिंतीला उन्हात टेकवून ठेवले. येणारेजाणारे नेहमीसारखे सतरंजी, सारीपाट, तुरुंगाची खिडकी असे अंदाज करीत चालले होते. तेवढ्यात दादांची बंडी आली. दादा उतरले. त्यांनी कापडाकडे पाहिले आणि हातातली वांग्यांची टोपली तिथेच खाली ठेवली.

"अरे!" ते म्हणाले. "हे तं माहं वावर!"

ते धावतच पुढे गेले. "हे पाहा, हे नाल्याकडचं काळं. हे पलीकडलं चुलतभावाचं, ज्वारीचं. अन् हा धुरा! इथी कडूनिंब हाय, त्याच्या बुडातून असाच जाते तिरपा." वावर म्हणजे शेत, आणि धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्यांनी बाजाराला निघालेली आपल्या गावची पाचसहा माणसे हाका मारून गोळा केली. "या बे, या! माह्या भावानं माहं वावर काढलं! घाटावर बसून काढलं!" माणसेही वाकून वाकून पाहू लागली आणि कोणाला आपले गोठे दिसले, कोणाला आपली विहीर. दादांचा चेहरा असा फुलला होता की मला तिकडे बघवेना. मग ते भावाकडे वळले.

"हाय ना बे, पुंडलिक? आपलंच हाय ना?"

मी पुंडलिकरावांच्या शेजारी उभा होतो. दादांच्या चेहऱ्याकडे पाहत ते म्हणाले, "हाव, दादा."

बंडी गेल्यावर मी त्यांना सोडले नाही. "मास्तर, ते तुमचे वावर आहे?"

"नाई."

"तो तांबडा पट्टा धुरा आहे?"

"नाई हो. तांबडा पट्टा हाय."

"मग हो का म्हणालात?"

"असं तोंड त्याचं कधी पाह्यलं नव्हतं, मास्तर," ते म्हणाले आणि टोपलीतली वांगी उगाच मोजत बसले. मला ते आवडले नाही. सिद्धतेशिवाय काही मान्य करायचे नाही हा माझा धंदा. पण त्यांच्या जागी मी असतो तर दुसरे काय केले असते, हेही मला आजपर्यंत सांगता आलेले नाही.

त्या पावसाळ्यात खालच्या नाल्याला पूर आला. दादांचे वावर आणि त्यांचे चुलतभाऊ गणपतराव यांचे वावर यांच्यामधला धुरा वाहून गेला, सरकारी मोजणीचा दगड गेला, कडूनिंबही गेला. पाणी ओसरल्यावर गणपतरावांनी नांगर घातला तो, दादांच्या म्हणण्याप्रमाणे, चांगला चार हात अलीकडे. दोघांचे भांडण झाले आणि ते बुलढाण्याला मुन्सफांच्या कोर्टात आले. इथवर वऱ्हाडात नवे काही नाही. नवे होते ते दादांच्या वकिलाचे डोके. पुरापूर्वीचा धुरा दाखवणारा पुरावा आहे का, असे त्याने विचारले, आणि दादा छाती पुढे काढून म्हणाले, "हाय! माह्या भावानं काढून ठेवला हाय. सरकारी शाळेचा मास्तर हाय तो!"

अशा रीतीने ते चित्र कोर्टात गेले. दोन शिपायांनी ते डोक्यावर घेऊन भर बाजारातून नेले. हसनभाई दुकानाच्या पायरीवर उभे राहून सलाम करीत होते. कोर्टात ते टेबलाला टेकवून ठेवले. मुन्सफसाहेब वयस्कर, शांत गृहस्थ होते. त्यांनी चष्मा वर करून पाहिले, खाली करून पाहिले.

"वरची बाजू कोणती?" त्यांनी विचारले.

"चारी बाजूनं चालते, साहेब," साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून पुंडलिकराव म्हणाले. "पन मी अशी लावतो."

गणपतरावांचा वकील उठला. "ही तांबडी पट्टी नेमकी इथेच का काढलीत?"

"तिथी तिले बरं वाटते म्हनून."

"कोणाला?"

"पट्टीले."

कोर्ट हसले. मुन्सफसाहेबही हसले, पण ओठ मिटून. मग दादांचा वकील उठला. तो हसत नव्हता. "मास्तर, आपण आपल्या वडील बंधूंना, चारचौघांसमोर, हे त्यांचेच वावर आहे असे सांगितले होते की नाही?"

"सांगतलं होतं."

"मग हे त्यांचे वावर आहे."

मी मागच्या बाकावर बसलो होतो. दादा माझ्यापुढे, मान ताठ ठेवून, पागोटे नवे घालून. पुंडलिकरावांनी एकदा चित्राकडे पाहिले आणि एकदा भावाकडे. एक शब्द बोलले असते तर दादांचे काम झाले असते. निदान दादांना तसे वाटले असते.

"नाई, साहेब," ते म्हणाले. "कोनाचंच वावर नाई ते. त्या दिवशी मी खोटं सांगतलं."

"का?" हे मुन्सफांनी विचारले.

"दादाले आनंद झाला होता, साहेब."

कोणी हसले नाही. दादा उठले, पागोटे सारखे केले आणि बाहेर गेले. त्या दिवशी त्यांची बंडी चाळीकडे वळली नाही, सरळ घाट उतरली.

पुढे सरकारी मोजणीदार साखळी घेऊन आला आणि त्याने मापून नवा दगड रोवला. चारपैकी तीन हात दादांना परत मिळाले. म्हणजे वावराचा प्रश्न सुटला. पण दादा येईनात. बाजाराच्या दिवशी ज्वारी यायची, वांगी यायची, भाजी यायची, ती दुसऱ्याच्या बंडीतून. पुंडलिकराव त्या बंडीवाल्याला विचारायचे, "दादा बरा हाय?" तो म्हणायचा, "बरा हाय." असे एक वर्ष गेले, दुसरे गेले. त्या काळात पुंडलिकरावांनी एकही रेघ मारली नाही. बाज कोरीच होती. मी एकदा म्हटले, आता तरी तिच्यावर झोपत जा. तर म्हणाले, "कापडाले सवय राहू द्या."

शेवटी मीच घाट उतरून गेलो. दुसऱ्याच्या भावकीत नाक खुपसणे माझ्या स्वभावात नाही, पण तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत सुकत चालला होता आणि मला ते सहन होत नव्हते. दादा खळ्यावर होते. त्यांनी मला पाणी दिले, हुरडा दिला. मी विषय काढल्यावर बराच वेळ कणसे चोळत राहिले.

"वावराचं काई नाई, मास्तर," ते म्हणाले. "चार हात गेलं असतं तं गेलं असतं. पन त्यानं मले लहान पोट्ट्यावानी काऊन समजावलं? मी इचारलं होतं. नाई म्हना लागत होतं. मी अडानी हाय, त्याच्या कामातलं मले समजत नाई, म्हनून त्यानं मले खुशी लावून देल्ली."

"तुम्हाला समजावे म्हणूनच तो दहा वर्षे तळमळत होता," मी म्हणालो.

"मंग एक डाव तरी बसवून पाह्यलं का त्यानं मले? उभ्या उभ्या पाहून मी बैलं सोडाले जाय."

हे काही खोटे नव्हते. एवढ्या वर्षांत त्या दोन भावांपैकी एकानेही, बस, असे म्हटले नव्हते.

पुढच्या बाजाराला दादा आले. रिकाम्या हाताने आले. ओट्यावर चढले आणि भावाला म्हणाले, "कोर्टात नेलं होतं ते काढ." पुंडलिकरावांनी ते मोठे कापड आतून आणून भिंतीला लावले. दादा समोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"आता खरं सांग. काय हाय हे?"

"काई नाई, दादा. पाह्य."

दादा पाहू लागले. मी दारात उभा होतो. जावे की थांबावे ते कळेना, आणि पाय उचलेना. जेवणाची वेळ झाली, टळली. बैलांनी दोनदा हंबरून विचारले. दादा उठले नाहीत. कधी मान कलती करीत, कधी एक डोळा मिटत, पेरणीआधी वावराकडे पाहावे तसे निवांत पाहत होते. पुंडलिकराव त्यांच्या मागे उभे होते. ऊन भिंतीवरून उतरून ओट्यावर आले तेव्हा दादांनी हात वर केला.

"हे पिवळं," ते म्हणाले, "हे वरतून घसरून राह्यलं. काळं भारी हाय, ते बसलं जागेवर. पन पिवळ्याले खालून आधार नाई. तांबड्यानं धराले पाह्यजे होतं त्याले, त्यानं सोडून देल्लं." मग जरा ओशाळून म्हणाले, "मले असं वाटते. तुले माह्यापेक्षा जास्त समजते."

पुंडलिकराव पुढे आले. त्यांनी चित्राकडे पाहिले, बराच वेळ. मग ते तडक मोरीवर गेले आणि तोंडावर पाणी मारून परत आले. त्या पाण्यात मोरीचे किती आणि डोळ्यांचे किती होते ते मी पाहिले, पण लिहीत नाही.

"मास्तर," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलं का? पयल्यांदा कोनी माही चूक काढली!"

इतका आनंदी माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आणि मला लाज वाटली, तीही सांगून टाकतो. त्या पट्टीची दोरी मी अठरा वेळा धरली होती, कोन मनातल्या मनात मोजला होता, आणि पिवळे घसरते आहे हे मला एकदाही दिसले नव्हते. दादांनी सांगितल्यावर दिसले. मग तर ते इतके घसरू लागले की हात पुढे करून धरावेसे वाटे. जुनी रेघ पुसता येत नव्हती, म्हणून पुंडलिकरावांनी दुसऱ्याच दिवशी नवे कापड ताणायला घेतले, आणि पुढच्या बाजारापासून दोरीचे माझे काम गेले. दादा धरायचे. ते नुसते धरायचे नाहीत. "नाई बे, आणिक इकडं," म्हणून वाद घालायचे, आणि दोन भाऊ वीतभर जागेसाठी असे भांडायचे की रस्त्यावरच्या माणसाला वाटावे कोर्टातले प्रकरण अजून मिटलेले नाही.

माझी बदली अकोल्याला झाली. पुंडलिकराव त्यानंतर पाचसहा वर्षांनी तापाने गेले. मला कळले तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. मी सुट्टी काढून घाटाखाली दादांकडे गेलो. दादा थकले होते, दात गेले होते. भावाची सगळी कापडे त्यांनी बंडीत घालून खाली आणली होती आणि त्यांतले एक मोठे, शेवटचे, ओसरीच्या भिंतीला लावले होते. आम्ही दोघे त्याच्यासमोर बसलो. बोलण्यासारखे होते ते समोर भिंतीवर होते.

तेवढ्यात गणपतराव आले. एव्हाना दोघांचे पुन्हा येणेजाणे सुरू झाले होते. मी पाहुणा आहे म्हणून त्यांनी मोठ्या कौतुकाने भिंतीकडे हात केला. "पाह्यलं का, मास्तर? आमच्या पुंडलिकनं काढलेलं. हे दादाचं वावर अन् हे पलीकडलं माहं."

दादांनी काठी जमिनीवर आपटली.

"नाई!" ते म्हणाले. "माहं नाई, तुहं नाई. कोनाचंच नाई ते." मग त्यांनी बाजूची चटई ओढून अंथरली आणि गणपतरावांचा हात धरला. "बस इथी. घाई नको करू. नीट पाह्य."